सिमेंटचा पाऊलठसा

माझ्या नणंदेला चर्चच्या मंडळीतली मुलं ‘बेडकीबाई’ म्हणायची. मागून नाही, तोंडावर. तिनंच ती मोकळीक दिली होती. कॉलेजात ती जीवशास्त्र शिकवायची आणि रविवारी सकाळी चर्चच्या मागच्या खोलीत लहान मुलांचा वर्ग घ्यायची. आठवडाभर बेडूक, झुरळं, माशांचे कल्ले हाताळलेले हात साबणानं दोनदा धुऊन ती रविवारी मुलांना प्रार्थना शिकवायची, तरी मेलेले प्राणी टिकवायच्या औषधाचा उग्र वास तिच्या बोटांना थोडा राहायचाच. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पहिल्यांदा मला त्या वासानं मळमळलं होतं. पुढं त्याची सवय झाली. ज्याची सवय झाली नाही, आणि होऊ नये अशी माझी इच्छा आहे, ती गोष्ट मी सांगणार आहे.

आमचे हे त्या चर्चचे पाळक. त्यांच्या आधी माझे सासरे पाळक होते. सासरे वारले तेव्हा दोघं भावंडं मोठी होती, पण ताईंवर, म्हणजे माझ्या या नणंदेवर, बापाची छाप जास्त. त्या सांगायच्या, घरामागं कोंबड्या होत्या. एकदा सासऱ्यांनी तीन दिवस उबवलेलं अंडं बशीत फोडून त्यांना दाखवलं होतं. पिवळ्यावर तांबडा ठिपका, आणि तो ठिपका धडधडत होता. ताई सात-आठ वर्षांच्या. त्यांनी विचारलं, “हे कोण करतं?” सासरे म्हणाले, “करतो देव. कसं करतो ते तू शिकून मला सांग.” ताई शिकल्या. सांगायच्या आधी सासरे गेले, एवढंच.

तर त्या घरात देव आणि शास्त्र एकाच ताटात जेवत होते. कुणाच्या पोटात दुखलं नाही. दुखायला लागलं ते पाहुणे वक्ते आले तेव्हापासून.

ते मोठ्या शहरातून आले. अंगानं भरलेले, केसांना तेल चोपडलेलं, आवाज गोड. ‘उत्पत्ती : देवाचं की माकडाचं?’ असा त्यांचा तीन संध्याकाळचा कार्यक्रम होता. चर्चच्या कमिटीनं त्यांना बोलावलं होतं, आणि उतरायची सोय अर्थातच पाळकाच्या घरी. त्यांच्या गाडीच्या डिकीतून चौघांनी मिळून एक दगड उतरवला. पाटाएवढा, तपकिरी. त्याच्यावर तीन बोटांचा एक अजस्र पंजा उमटला होता आणि त्या पंज्याला खेटून माणसाचं पाऊल. म्हणजे ते राक्षसी प्राणी आणि माणूस एकाच चिखलातून एकाच वेळी चालले, पृथ्वी काही एवढी जुनी नाही, आणि कॉलेजात शिकवतात ते सगळं थोतांड, असा त्याचा अर्थ.

पहिल्या संध्याकाळी हॉल गच्च भरला. एरवी उपासनेला ज्यांना ओढून आणावं लागतं तेही आले. वक्ते सुरुवातीलाच म्हणाले, “काही शिकलेले लोक म्हणतात, त्यांचा आजोबा माकड होता.” आणि त्यांनी काख खाजवली. डोळे फिरवून, ओठ पुढं काढून, दोन्ही काखा खाजवत ते व्यासपीठावर इकडून तिकडं उड्या मारत गेले. हॉल खो खो हसला. आमचे हेही हसले. मी ताईंकडं पाहिलं. त्या तिसऱ्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. हॉलमधल्या निम्म्या पोरांना त्यांनीच कधी ना कधी शिकवलं होतं आणि ती पोरं मान वळवून त्यांच्याकडं बघत हसत होती.

शेवटी लोकांना दगडाला हात लावू दिला. रांग लागली. बायका हात लावून तोच हात कपाळाला लावायच्या. वक्ते शेजारी उभे राहून प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवायचे, मोबाईलवाल्यांसाठी हसायचे. शिवणवाल्या आजी रांगेत होत्या. चर्चमधले सगळे पडदे, झगे त्यांनीच शिवलेले. त्यांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी कारखान्यातल्या अपघातात गेला होता. त्या दगडाजवळ गेल्या, खाली बसल्या, त्या पावलाच्या खड्ड्यात तळहात ठेवून हुंदके देऊन रडल्या. का रडल्या ते मला तेव्हा कळलं नाही. वक्त्यांनी त्यांना उठवलं, कॅमेऱ्याकडं तोंड करून उभं केलं आणि म्हणाले, “पाहा, विश्वास!” आजींचं नाक वाहत होतं. पुसायलाही वेळ दिला नाही.

ताई माझ्या कानाशी म्हणाल्या, “वहिनी, मला इथं बसवत नाही,” आणि उठून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दगड आमच्या स्वयंपाकघराच्या दाराशी होता. इतक्या हातांनी तो तेलकट, चिकट झाला होता. पावलाच्या खड्ड्यात कुणाची तरी टिकली, कुणाच्या तरी अश्रू पुसलेल्या कागदी रुमालाचा तुकडा. मला तो बघवेना. मी फडकं ओलं करून, भांड्यांचा साबण लावून पुसायला घेतला.

फडकं तपकिरी झालं.

मला वाटलं माती असेल. पुन्हा पिळलं, पुन्हा पुसलं. बुटाचं पॉलिश निघावं तसा रंग निघत होता, आणि त्याच्याखाली राखाडी. मी ताईंना फोन केला. त्या आपल्या घरून कॉलेजला जायच्या वाटेवर होत्या, तशाच वळून आल्या. खाली बसून त्यांनी फार वेळ काही पाहिलं नाही. पावलाची बोटं बघितली आणि म्हणाल्या, “लहान मूल काढतं तशी आहेत. पाचही सारखी. टाच दबलेलीच नाही. हा माणूस काय हवेत चालत होता?” मग आम्ही दोघींनी मिळून तो एका बाजूनं उचलला. खालून साच्याची शिवण स्पष्ट दिसत होती. एका कोपऱ्यातून तारेची जाळी बाहेर आली होती, गंजलेली.

“सिमेंट,” ताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा कडू औषध प्यायल्यासारखा झाला होता.

वक्ते अजून झोपले होते. आमचे हे चहाला आत आले. ताईंनी त्यांना फडकं दाखवलं, तार दाखवली. मला वाटलं हे आता संतापतील. पाहुण्याला उठवून जाब विचारतील. ह्यांनी दरवाजा हळूच लोटला आणि खालच्या आवाजात म्हणाले,

“मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“परवा उतरवतानाच त्यांनी सांगितलं. ही नक्कल आहे. खरा दगड दुसरीकडं आहे.”

“दुसरीकडं म्हणजे कुठं?”

“ते मी विचारलं नाही.”

“का नाही विचारलं?”

ह्यांनी कपात साखर ढवळली. ढवळतच राहिले. “ताई, तू बघितलंस ना काल किती लोक आले? लोकांचा विश्वास बळकट होतोय. त्यात कुणाचं काय नुकसान आहे?”

ताई उभ्या राहिल्या. त्या ओरडतील असं मला वाटलं, पण त्यांचा आवाज उलट बसला. “देवाला खोट्याचा टेकू लागतो असं तुला वाटतं? बाबांनी जन्मभर त्या व्यासपीठावरून एक खोटा शब्द काढला नाही, आणि तू तिथं सिमेंट नेऊन ठेवलंस. शी!”

तो ‘शी’ मी विसरले नाही. कुजलेलं काही पायाखाली यावं आणि माणसानं पाय झटकावा, तसा तो आला.

“दगड फक्त निमित्त आहे,” हे म्हणाले. “मुद्दा देवाचा आहे.”

“मग मुद्दाच सांग की. निमित्त रंगवून कशाला आणतोस?”

माणसाकडं उत्तर नसलं की तो मोठ्या आवाजात बोलतो. हे म्हणाले, “तुझ्या कॉलेजातल्या लोकांना आनंद होईल असं काही करू नकोस.” ताईंनी पिशवी उचलली आणि निघून गेल्या. मी ते फडकं बादलीत टाकलं. दिवसभर मला त्या बादलीकडं बघवलं नाही. ज्या माणसाबरोबर मी जेवत होते, झोपत होते, त्याच्या हाताला तो रंग लागलाय असं मला सारखं वाटत राहिलं.

तिन्ही संध्याकाळी पार पडल्या, रविवारी उपासनेत सूचनांची वेळ आली. कुणाचं लग्न, कुणाचा वाढदिवस, असं चाललं होतं. ताई उठल्या. “माझी एक सूचना आहे. समोर ठेवलेला दगड सिमेंटचा आहे. साच्यात ओतलेला आहे, वरून रंग दिलेला आहे. कुणालाही खालून बघता येईल.” आणि बसल्या.

एवढंच. एक शब्द जास्त नाही.

वक्ते पहिल्या बाकावरून हसत उठले. “माझी ही बहीण फार शिकली आहे,” ते गोड आवाजात म्हणाले. “जास्त शिकलं की डोळ्यांवर झापड येते. आपण तिच्यासाठी प्रार्थना करू या.” आणि खरोखर, अर्ध्या मंडळीनं डोळे मिटले! लबाडानं जिचं तोंड बंद करायचं तिच्याचसाठी प्रार्थना मागावी आणि चांगल्या चांगल्या माणसांनी मान खाली घालावी. मी डोळे उघडे ठेवले. आमचे हे व्यासपीठावर होते. त्यांनीही मिटले नव्हते, पण ते खाली, स्वतःच्या बुटांकडं बघत होते.

दोन-चार तरुणांनी उपासना संपल्यावर दगड उलटा केलाच. शिवण दिसली, तार दिसली. वक्त्यांनी “नक्कल, नक्कल, मी तसं सांगितलंच होतं” असा सूर लावला आणि दुपारच्या आत गाडी भरून गेले.

बाहेर पायऱ्यांवर शिवणवाल्या आजी ताईंची वाट बघत होत्या. मला वाटलं आभार मानतील.

“तुला काय मिळालं गं?” आजी म्हणाल्या.

“आजी, त्यांनी तुम्हाला फसवलं.”

“फसवलं तर फसवलं. माझ्या पोराचा पाय ओळखता आला नव्हता मला. मशीनखाली... काही राहिलंच नव्हतं. तिथं हात ठेवला तेव्हा मला वाटलं, एवढ्या वर्षांचा पाय देवानं जपून ठेवलाय, माझ्याही पोराचा ठेवला असेल. तू सगळ्यांसमोर माझं हसं केलंस.”

“मी तुमच्याबद्दल काही बोलले नाही, आजी. राग त्या माणसाचा आहे.”

“मग त्याच्यावर काढायचा होतास. तो गेला गाडीत बसून. इथं उघडी मी पडले.”

ताई तिथूनच आपल्या घरी निघून गेल्या. पुढच्या आठवड्यात कमिटीची बैठक झाली. पाहुण्यांबद्दल एक अक्षर नाही. ताईंनी मात्र मंडळीत ‘अशांतता’ पसरवली म्हणून मुलांचा वर्ग त्यांच्याकडून काढून घेतला. निर्णय कळवायला हे स्वतः गेले नाहीत, सेक्रेटरीला पाठवलं.

इथं गोष्ट संपली असती तर निदान घाण एकाच घरात राहिली असती.

कॉलेजात ताईंचे एक सहकारी होते, रसायनवाले सर. हुशार माणूस, बोलायला चटपटीत, देवाधर्माची टिंगल हा त्यांचा आवडता छंद. त्यांनी ताईंना स्टाफरूममध्ये चहा पाजून झालेलं सगळं विचारून घेतलं. ताईंचं मन भरलेलं होतं. त्यांनी दगडाचं सांगितलं, भावाचं सांगितलं, आजींचं बोलणंही सांगितलं. मन हलकं करायला माणूस माणसाला सांगतो तसं. आठवड्यानं कॉलेजच्या विचारमंचाचं पत्रक लागलं : ‘पाळकाच्या मुलीनंच फाडला बुरखा!’ ताईंचा सत्कार ठरला होता आणि त्यांना ते भिंतीवर वाचून कळलं.

“जाऊ नका,” मी म्हणाले.

“गेले नाही तर माझ्या नावावर काय काय खपवतील,” त्या म्हणाल्या. मला सोबत घेऊन गेल्या.

सभागृह भरलं होतं. सरांनी प्रास्ताविक केलं. आधी दगडाची कथा, तिखटमीठ लावून. मग म्हणाले, “आणि भक्तगण कसे, ते पाहा.” त्यांनी पाठीला बाक काढला, डोळे वर फिरवले, थरथरता हात पुढं केला आणि म्हाताऱ्या आवाजात “माझ्या पोराचा पाय, माझ्या पोराचा पाय” असं म्हणत व्यासपीठावर इकडून तिकडं गेले. सभागृह खो खो हसलं.

तोच हशा. तसेच दात. काख खाजवणारा आणि हा, दोघांना एकाच आईनं दूध पाजलं असावं.

ताई उठल्या, माझ्या अंगावरून पुढं झाल्या आणि बाहेरच्या बेसिनवर वाकून ओकल्या. मेलेल्या प्राण्यांत आयुष्य गेलेली बाई, तिचं पोट कधी ढवळलेलं मी पाहिलं नव्हतं. तोंड धुतलं, रुमालानं पुसलं आणि परत आत गेल्या. मला वाटलं आम्ही घरी जाऊ. त्या सरळ माईकपाशी गेल्या.

“ते बोलणं मी सरांना विश्वासानं सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “त्या बाईचा मुलगा खरंच गेला आहे. हसणाऱ्यांपैकी कुणी त्याच्या मातीला आलं होतं का?”

सर सावरून घेत म्हणाले, “मॅडम भावनाप्रधान झाल्या आहेत. आपण मुद्द्यावर येऊ. पहिला जीव कसा निर्माण झाला हे विज्ञानानं सांगितलंच आहे, हो ना मॅडम?”

“नाही. अजून नाही सांगितलं.”

“म्हणजे?”

“पहिल्या जीवापासून पुढं कसं कसं होत गेलं याचे पुरावे ढिगानं आहेत. ते मी रोज शिकवते आणि मला ते पटतात. पहिला कसा झाला ते लोक शोधतायत. आज माहीत नाही. माहीत नाही ते माहीत आहे म्हणणं हेसुद्धा सिमेंटच.”

“मग देवानं केला म्हणा!” मागून कुणीतरी ओरडलं.

“मी तसं मानते,” ताई म्हणाल्या. “पण सापडत नाही म्हणून मानत नाही. देव म्हणजे भिंतीतली भोकं बुजवायची पुट्टी नव्हे. उद्या सापडलं तर त्याला काय खरवडून काढणार? सापडलं तरी मी मानीन. आता हा पुष्पगुच्छ तुमच्याकडंच ठेवा.” आणि आम्ही निघालो.

वाटेत त्या एकदाच बोलल्या. “वहिनी, तिकडं मला बाटलेली म्हणतात, इकडं भाबडी. पण दोघांनाही सृष्टी कशी झाली याच्याशी काही देणंघेणं नाही गं. दोघांना हसायला कुणीतरी हवंय.”

वर्षभर बहीणभाऊ एकमेकांशी बोलले नाहीत. ताई रविवारी येत, मागच्या बाकावर बसत, संपलं की जात. ज्यांच्या मुलांना त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं ती माणसं त्यांच्या शेजारी बसायची टाळत. घरात मीही ह्यांच्याशी कामापुरतंच बोलत होते. मला ह्यांचा राग नव्हता आता, त्याहून वाईट काहीतरी होतं. ते व्यासपीठावर हात उंचावून आशीर्वाद देत आणि मला ताटावर बसलेली माशी दिसल्यासारखं वाटायचं.

पुढच्या वर्षी त्याच सुमारास त्या वक्त्यांचा फोन आला. हे दुपारचे जेवत होते. फोन ठेवून ते बराच वेळ घास हातात धरून बसले.

“काय म्हणतात?” मी विचारलं.

“पुन्हा येतो म्हणतात. या खेपेला दगड नाही. बाटली आणणार.”

“कसली बाटली?”

“पवित्र शास्त्रातल्या जलप्रलयाच्या पाण्याची.”

हे हसायला लागले. हसता हसता थांबले, घास ताटात टाकला आणि ताट सरकवलं. “कुठून मिळाली असंसुद्धा मी विचारलं नाही,” ते म्हणाले. “त्यांनीच विचारलं, तुमच्याकडं बाटल्या स्वस्त मिळतात का.” त्यांचा चेहरा त्या क्षणी अगदी त्यांच्या बहिणीसारखा दिसत होता. आंबलेलं काहीतरी तोंडात आल्यासारखा.

मग म्हणाले, “ताईला बोलाव.”

ताई आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

“या वर्षी उत्पत्तीवर तू बोल,” हे म्हणाले.

“माफी मागतोयस?”

“बोलायला सांगतोय.”

“कमिटी?”

“कमिटीला मी बघतो.”

माफी त्यांनी तेव्हाही मागितली नाही, नंतरही नाही. ताईंनीही पुन्हा विचारलं नाही. पण कमिटीशी ते खरंच भांडले. दोन जणांनी राजीनामे दिले, सेक्रेटरीनं ओळख दाखवायची सोडली.

कार्यक्रमाला हॉल पाव भरला होता. दगड नाही, बाटली नाही, उड्या नाहीत, कोण येणार? ताई साधं बोलल्या. तारे, खडक, माशांचे कल्ले आणि आईच्या पोटातल्या बाळाच्या मानेवरच्या घड्या. पवित्र शास्त्राचं पहिलं पान ‘कुणी’ आणि ‘कशाला’ हे सांगतं, ‘कसं’ आणि ‘किती वर्षांत’ यासाठी खडक आहेत, आणि दोन्ही देवानंच लिहिली असतील तर दोन्ही वाचली पाहिजेत, असं त्या म्हणाल्या. मधेच चार-पाच जण खुर्च्या वाजवत उठून गेले. एकानं दारात थुंकल्याचा आवाज केला.

प्रश्न विचारायला आधी कुणी उठेना. मग पहिल्या रांगेतून शिवणवाल्या आजी उठल्या. वर्षभर त्या ताईंशी बोलल्या नव्हत्या.

“मला एवढंच सांग,” त्या म्हणाल्या. “माझा मुलगा मातीचा झाला होता की माकडाचा?”

कुणीतरी फिसकन हसलं. हे जागेवरून उठले आणि त्या माणसाकडं बघत उभे राहिले. हसणं थांबलं.

“मातीचाच, आजी,” ताई म्हणाल्या. “सगळंच मातीतून आलंय. वाट फार लांबची होती, आणि वाटेत पुष्कळ जीव भेटले, एवढंच मला माहीत आहे. तो कुणाचा होता आणि आता कुठं आहे, हे माझ्या प्रयोगशाळेत कळत नाही. कळतं असं मी तुम्हाला सांगितलं तर मी त्या दगडवाल्याइतकीच खोटारडी.”

“म्हणजे तुला माहीत नाही.”

“नाही. मी आशा धरते.”

“हं,” आजी म्हणाल्या आणि बसल्या.

ह्यांनी शेवटची प्रार्थना केली. नेहमी लांबवतात, त्या दिवशी दोन वाक्यांत संपवली. चहा बराच उरला. मी कप गोळा करत होते तेव्हा खिडकीतून दिसलं : आजी पायऱ्या उतरत होत्या. ताईंनी आधाराला हात पुढं केला. आजींनी तो धरला नाही, कठड्याला धरून एकेक पाय टाकत राहिल्या. ताईंनी हात मागं घेतला, पण गेल्या नाहीत. त्यांच्या एक पायरी मागं, त्यांच्याच चालीनं उतरत राहिल्या.